राखेनं घासलेली मॉरिस

बापूंच्या मोटारीला हात लावायची चौलात कुणाची छाती नव्हती. खुद्द बापूंची नव्हती, तर बाकीच्यांची काय कथा! नारळी-पोफळीची वाडी बापूंची, मोटारही बापूंची, पण दारावर बोटाचा ठसा दिसला की तुळशीराम ड्रायव्हर धन्याकडेसुद्धा असा बघायचा, की बापू हात धोतराला पुसत म्हणायचे, "चुकलं बाबा!"

हा तुळशीराम आतल्या गावच्या भातशेतीवाल्या घरातला. पोरवयात मुंबईच्या एका गॅरेजात लागला. तिथं आधी गाड्या धुवायला शिकला, मग पॉलिश मारायला, आणि शेवटी चालवायला. स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी बापूंनी जुनी काळी मॉरिस घेतली, तिच्याबरोबर तोही चौलात आला. खारा वारा पत्रा खातो म्हणून रोज विहिरीच्या गोड्या पाण्यानं मोटार धुणार, वाळूचा कण राहू नये म्हणून फडकं पुन्हा पुन्हा खळबळणार, आणि सावलीत उभी करून फलालीनच्या तुकड्यानं हलक्या हातानं पुसणार. वाडीतले गडी चिडवायचे, "बायकोला एवढं जप की रं!" त्यावर हा म्हणायचा, "बायको खरचटली तर आपसूक भरून येतं. मोटारीचं तसं न्हाय."

बायको म्हणजे सगुणा. बापूंच्याच घरी भांडी घासायची. आणि घासायची कशी? तिनं घासलेल्या तांब्याच्या घागरीत बघून वेणूबाई, म्हणजे बापूंची मंडळी, कुंकू लावायच्या. नवरा मोटार चमकवतो तर मी घागर चमकवते, असा तिचा तोरा. उगीच नव्हता तो.

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुळशीरामला हिवताप भरला. घोंगडीवर घोंगडी घेऊन कुडकुडत पडला. मोटार रेवसच्या धक्क्यावरून चिखलानं माखून आलेली, आणि उद्या तिची पूजा! सगुणाला वाटलं, आपल्या माणसाचा जीव की प्राण ती मोटार, तिला अशी घाणेरडी कशी पुजायची? उठली बिचारी. चुलीतली राख घेतली. नेहमीची भरड नव्हे हं; जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून गाळून पिठासारखी केली. नारळाचं सोडण, म्हणजे वरचा काथ्या, भिजवून, चेचून मऊ केलं. आणि घागर घासावी तसं, गोल गोल हात फिरवत, सगळं बॉनेट घासून काढलं. वर पाणी ओतलं. ओलं होतं तोवर असं झळकलं, की सगुणा स्वतःशीच हसली.

मग ते वाळलं. उन्हं कलली. तिरप्या उन्हात काळ्या रंगावर वर्तुळं उमटली. एकात एक, एकावर एक, बॉनेटभर नुसती वर्तुळं.

तुळशीराम घोंगडी गुंडाळून बाहेर आला आणि बघतच राहिला. ताप डोक्यात होताच, त्यात हे. बापू, वेणूबाई, गडीमाणसं, सगळ्यांच्या देखत तो तिच्यावर ओरडला, "मोटार म्हंजे तुझी घागर वाटली व्हय गं? कुणी सांगितला व्हता शहाणपणा?"

"अवो, राख वस्त्रगाळ केली व्हती मी," सगुणा कशीबशी म्हणाली.

"वस्त्रगाळ म्हणे! हे डाग आता तुझ्या जन्मात जायचे न्हाईत, समजलीस?"

"अरे, भक्तीनं केलंय तिनं," बापू हसत म्हणाले. "असू दे." पण तुळशीरामला हसू येतंय कसलं! पुढं रेवसच्या धक्क्यावर मुंबईची लाँच यायची वाट बघत चारदोन ड्रायव्हर उभे असायचे. त्यांना आयतंच सापडलं. "काय तुळशीराम, मोटार घासून पालथी घालायची राहिली वाटतं!" तो दात-ओठ खायचा आणि राग घरी आणायचा.

आता खरं सांगायचं तर हे डाग काढणं त्याच्या हातचं होतं. गॅरेजात त्यानं दुसरं केलं काय होतं? बापूंनी मुंबईहून पॉलिशचा डबासुद्धा आणून दिला. तुळशीरामनं तो फळीवर ठेवून दिला. राहू दे म्हणाला. बघू दे तिला रोज. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा हेका धरला की धरला!

सगुणानं मोटारीसमोरून जायचं सोडलं. विहिरीवर जायचं तर गोठ्याला वळसा घालून जायची. अधूनमधून भीत भीत विचारायची, "अवो, थोडंबी फिकं झालं न्हाय?"

"न्हाय."

एकदा तो अचानक घरी आला, तर ही बॉनेटला खोबरेल चोळत होती. तेलानं दोन दिवस वर्तुळं दिसेनाशी होतात. मग त्यावर धूळ बसते आणि दुप्पट दिसतात. त्याला बघून ती चटकन बाजूला झाली. त्यानं एक शब्द न बोलता तेल पुसून काढलं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्या-दोन महिन्यांत त्याचा राग कधीच विरला होता. पण आता डबा खाली काढायचा म्हणजे आपण खोटं बोललो हे कबूल करायचं. ते कोण करणार? या दसऱ्याला करू, पुढच्या पाडव्याला करू, असं मनात म्हणत तीन-चार वर्षं गेली. फळीवर डबा तसाच.

आणि एका भादव्यात सगुणाला कावीळ झाली. झाडपाला झाला, उतारे झाले. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा बापूच म्हणाले, "तुळशीराम, मोटार काढ. अलिबागच्या दवाखान्यात ने तिला." जन्मात पहिल्यांदा सगुणा त्या मोटारीत बसणार होती, तर दारापाशी येऊन अडली. "मी नको बसू हिच्यात. मी हिची खराबी केलीय." वेणूबाईंनी दटावून मागं बसवली आणि स्वतः शेजारी बसल्या.

सकाळचं ऊन होतं. नागावच्या रस्त्यावर ते बॉनेटवर पडलं आणि समोरच्या काचेतून सगळी वर्तुळं लख्ख दिसायला लागली. सगुणा टक लावून बघत होती.

"अजून हायेतच की ओ," ती म्हणाली.

तुळशीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं: जातील गं, तू बरी हो, आल्यावर दोघं मिळून काढू. पण मागं वेणूबाई बसलेल्या. त्यांच्या देखत कसं बोलायचं? "गप पड. दम लागंल," एवढंच तो म्हणाला. परत येताना सांगू, असा विचार केला त्यानं. परत येताना मागच्या सीटवर वेणूबाई एकट्याच रडत होत्या.

नंतरही त्यानं डबा उघडला नाही. आता कारण वेगळं होतं. मोटार धुताना बॉनेटवर आला की हात हळू व्हायचा. तिचे हात कसे फिरले होते ते तिथं दिसत होतं. तिचा फोटो तर कधी काढलाच नव्हता. धक्क्यावरचे ड्रायव्हर आता चिडवत नव्हते, आणि त्यांचं ते न चिडवणंही त्याला नको वाटायचं.

दीड-दोन वर्षांनी बापूंच्या लेकीचं, अंबिकेचं लग्न ठरलं. नवरदेव लाँचनं रेवसला उतरणार, त्याला मोटारीतून आणायचं. बापू तुळशीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मात्र ते डाग काढ बाबा. जमेल तेवढे काढ."

नाही कसं म्हणणार? त्यानं डबा खाली घेतला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, ते ठोकून उघडलं. वरची साय सुकलेली, खाली पॉलिश चांगलं होतं. मोटार धुतली, पोफळीच्या सावलीत घेतली. आठवडा तरी जाईल असा त्याचा हिशेब होता. फडक्यावर बोटभर पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलकेच चोळलं, पुसलं आणि उन्हाच्या कवडशात बघितलं. वर्तुळ नव्हतं.

त्याला वाटलं आपली नजर चुकली. दुसरीकडे चोळलं. तिथलंही गेलं. दाब द्यायला लागत नव्हता की पुन्हा चोळायला. डाग खोल गेलेच नव्हते, नुसते वरच्यावर होते. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. भरड राख असती तर रंग पार कापला असता. तिनं गाळून घेतली होती. वस्त्रगाळ केली व्हती, म्हणत होती ना ती! सगळ्यांच्या देखत सांगत होती बिचारी, आणि हा शहाणा तिच्यावरच खेकसला होता.

हात थांबला. निम्मं बॉनेट उरलं होतं. तेवढं तरी ठेवावं असं फार वाटलं त्याला. पण हे जावेत म्हणून ती तेल चोळत होती, गोठ्याला वळसा घालत होती. त्यानं पुन्हा फडकं उचललं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि हात फिरत होता. फडकं काळं होत गेलं. जेवणवेळेच्या आत सगळं संपलं.

संपल्यावर मात्र तो खाली वाकून, इकडून तिकडून, उन्हाकडे तोंड करून शोधायला लागला. एखादं तरी राहिलं असेल. एकही नव्हतं. काम चोख होतं त्याचं.

बापू आले आणि खूश झाले. "अरे वा! सकाळभराचंच काम होतं की हे! मग इतकी वर्षं का नाही रे काढलेस?"

तुळशीराम काळं फडकं मुठीत धरून उभा होता. "काढता येत व्हते, बापू," तो म्हणाला. "तिला खोटंच सांगितलं व्हतं मी." आणि तो तिथंच मोटारीच्या चाकाशी खाली बसला.