तिसऱ्या पानावर मेलेली माय

सत्यभामा शाळेत खिचडी शिजवते. शाळा पुसदपासून तेरा किलोमीटरवर, आठवीपर्यंतची. सकाळी तांदूळ निवडून, डाळ धुऊन मोठं पातेलं गॅसवर चढवलं की तिला पाऊण तास मोकळा मिळतो. तेवढ्यात ती कादंबरी वाचते. किशोरांसाठी लिहिलेली, कारण शाळेच्या कपाटात त्याच आहेत. नववीत असताना लग्न झालं तेव्हा तिचं वाचणं सुटलं होतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी कपाटातली एकशे बारा पुस्तकं वाचून झाली आहेत.

त्यातली बहुतेक तिला आवडली नाहीत. न आवडलेलं ती पोटात ठेवत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून मोकळी होते.

"आवडत नाही तं वाचून कायले राह्यली वो?" तिच्यासोबत स्वयंपाक करणारी इंदूबाई विचारते.

"तुही सासू तुले आवडते का? तरी रोज ताट वाढतंच ना तिले?"

एका कादंबरीत पुण्याहून आलेला मामा खेड्यातल्या मुलांना झाडं ओळखायला शिकवतो. तिच्या मागे सत्यभामानं लिहिलं होतं, 'गावच्या पोट्ट्यायले पळस दाखवाले पुण्याचा मामा कायले पाह्यजे? त्यालेच बाभळीचा काटा रुतला असता तं पुस्तकात मजा आली असती.' दुसरीत चार मुलं आठवडाभर डोंगरात चोर शोधतात. तिथं, 'आठ दिवस जेवले काय? भांडे कोणं घासले?'

सगळ्यात जास्त ती चिडली धावपटू मुलीच्या कादंबरीवर. खेड्यातली तेरा वर्षांची मुलगी एकटी पुण्याला जाते आणि पदक जिंकते. सत्यभामानं इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. 'माय तिसऱ्या पानावर मारली. साप चावून. मंग शेवटलोग वरून आशीर्वाद देऊन राह्यली. जित्ती असती तं डबा करून देला असता, पण तो डबा लिहिणाऱ्याले दिसत नाही. माय मारल्याशिवाय पोरगी मोठी करताच येत नाही काय?'

शाळेची तपासणी येणार म्हणून शुक्रवारी हेडसरांनी कपाट पुसायला काढलं, तेव्हा ही पानं त्यांना दिसली. त्यांनी चार-पाच वाचली आणि सत्यभामाला बोलावून टेबलावर दोन खोडरबर ठेवले.

"सरकारी पुस्तकं आहेत ही. मुलींच्या हातात पडतात. सोमवारच्या आत सगळं खोडा. आणि जूनमध्ये शाळेच्या समितीपुढं पुढच्या वर्षाच्या स्वयंपाकिणींची नावं जायची आहेत, तेवढं लक्षात ठेवा."

शनिवारी शाळा सुटल्यावर ती खोडत बसली. एकशे बारांतली बहुतेक पुस्तकं. स्वतःचंच बोलणं स्वतः पुसत होती आणि प्रत्येक पानाला तिची चीड वाढत होती. पण कामही हवं होतं. रबराचा चुरा पदरात गोळा करून तिनं उकिरड्यावर झटकला.

सोमवारी परिपाठाला हेडसर माइकवर आले. मागच्या महिन्यात तालुक्याच्या पुस्तक परीक्षण स्पर्धेला पाठवलेल्या लेखांचा निकाल लागला होता. आठवीतली अपेक्षा पहिली. सरांनी तिचा लेख वाचायला घेतला.

"'आईला लेखकाने तिसऱ्याच पानावर मारले आहे. ती जिवंत असती तर तिने डबा करून दिला असता. पण तो डबा लेखकाला दिसत नाही...' पाहा! याला म्हणतात स्वतंत्र विचार!"

टाळ्या पडल्या. स्वयंपाकखोलीत इंदूबाईचा हात मीठ टाकता टाकता थांबला.

"हे तं तुह्यं होय ना वो?"

"माह्यं होतं. परवा खोडलं."

परिपाठ संपताच सत्यभामा हातातल्या पळीसकट ऑफिसात गेली.

"सर, ते माह्यं लिहिलेलं होय."

"कुठं लिहिलंय?"

तिनं कपाटातून पुस्तक काढून मागचं पान उघडलं. पान पांढरं. बोट फिरवलं तर अक्षरांचे खड्डे तेवढे हाताला लागत होते. सरांनी पानाकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. शुक्रवारी हेच पान त्यांनी वाचलं होतं.

"मुलीचं नाव झालं, शाळेचं नाव झालं. तुम्हाला काय करायचंय परीक्षण? जा, खिचडी लागेल खाली."

दुपारी रांगेत अपेक्षा ताट घेऊन समोर आली. मान खाली. सत्यभामानं भरलेली पळी ताटावर तशीच धरली.

"पुस्तक वाचलं का तू?"

"हो, मावशी."

"मंग तुले काय वाटलं?"

मागची मुलं ढकलू लागली.

"सांग ना. खिचडी थंडी होऊन राह्यली."

"मले लय आवडलं ते."

"आवडलं? माय मेली ते बी?"

"माय असती तं तिले पुण्याले जाऊच देलं नसतं." अपेक्षानं मान वर केली. "माही माय मले बक्षीस घ्याले पुसदले बी जाऊ देत नाही."

"मंग हे काहून नाही लिहिलं?"

"तुमचं वाचलं. वाटलं, तेच बरोबर असंन."

पळी ताटात आदळली. खिचडी बाहेर सांडली. सत्यभामाला सरांचा राग आला होता, चोरीचा आला होता. पण हा राग वेगळा होता आणि तो कुणावर काढायचा हे तिला कळेना. तिची स्वतःची मुलगी खुशी बारावी होऊन दोन वर्षं घरी बसली आहे. यवतमाळच्या कॉलेजला नको म्हणणारी सत्यभामाच होती.

भांडी घासून झाली तेव्हा तिनं अपेक्षाला हाक मारली. कमरेची पेन्सिल काढून कपाटातून आणलेल्या त्याच पुस्तकावर आपटली.

"लिही. तुह्यं लिही."

"सर खोडाले लावतीन."

"लावू दे. दाबून लिही. खोडलं तरी हाताले लागलं पाह्यजे."

अपेक्षा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. 'आई असती तर ती एकटी गेली नसती, म्हणून मला हे पुस्तक आवडले,' तिनं लिहिलं.

सत्यभामानं ते वाकून वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे साफ चूक हाये," ती कडाडली. "आण ती पेन्सिल इकडं."

अपेक्षानं पेन्सिल मुठीत घट्ट धरली.

"थांबा ना मावशी, माह्यं झालं नाही अजून."