साहेबांची काटकसर आणि जनान्यातली बाई

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण बायको गेल्यापासून घरात भांडायला कोणी उरलं नाही, आणि माझं एक भांडण तिच्याशी अर्धंच राहिलं आहे. सूनबाई म्हणाली, दादा, लिहून काढा. तिला वाटलं असेल, म्हातारा तेवढा वेळ तरी गप्प बसेल.

भांडण टॉकीजच्या साहेबांवरून आहे.

बऱ्हाणपुरात आमच्या भागात एक टॉकीज होती आणि तिच्या भिंतीला लागून माझं सायकल स्टँड. राज्यांची जोडाजोड चालू होती तेव्हाची ही गोष्ट. कालपर्यंत आमचं सगळं नागपूरला होतं, आता भोपाळकडे बघा म्हणत होते. कोणता कागद कुठं न्यायचा हे कचेरीतल्यांनाच ठाऊक नसायचं. आम्हाला एवढंच ठाऊक, की सिनेमाच्या पेट्या भुसावळहून रेल्वेने येतात आणि राज्य कोणाचंही झालं तरी तिथूनच येणार.

साहेब म्हणजे टॉकीजचे मॅनेजर. मालक सेठ खंडव्याला राहायचा, त्याला सिनेमातलं काही कळत नव्हतं, म्हणून इथं सगळं मॅनेजरच्या हातात. हे साहेब टॉकीज बांधली तेव्हापासूनचे. बाकांच्या जागी खुर्च्या त्यांनी आणल्या. बायकांसाठी वर माडीवर वेगळा जनाना त्यांनीच काढला. मग तब्येत बिघडली म्हणून सोडून इंदूरला गेले. सेठने एक तरुण मॅनेजर आणला. त्याने असे सिनेमे लावले, की इंटरव्हललाच लोक सायकली मागायला यायचे. शेवटी सेठ इंदूरला गेला, साहेबांच्या हातापाया पडला आणि साहेब परत आले.

टॉकीजच्या स्वस्त तिकिटाच्या थर्ड क्लासवाल्यांनी स्टेशनवर जाऊन त्यांना हार घातले. मॅनेजरला हार. कलेक्टर आल्यासारखे.

परत आल्यावर साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर खर्च कापायला घेतला. जाहिरातीचा टांगा गावभर फिरायचा, त्यावरचा ढोलवाला काढला. नुसता पोस्टर लावलेला मुका टांगा शनवारा पेठेतून जायला लागला, लोकांना वाटायचं कोणीतरी बिऱ्हाड हलवतंय. थर्ड क्लासचे पंखे बंद केले. आणि जनान्यातली बाई काढली.

ती बाई म्हणजे माझी बायको.

तिचं काम सांगतो. जनान्याच्या पुढे एक जाड काळा पडदा होता. दिवे गेले की तो सारायचा, म्हणजे बायकांना सिनेमा दिसतो. दिवे येण्याआधी ओढून घ्यायचा, म्हणजे खालच्या पुरुषांना बायका दिसत नाहीत. तिकिटं बघायची, रडकी पोरं बाहेर न्यायची, कोणाला भोवळ आली तर पाणी द्यायचं. हे झालं टॉकीजचं काम. पण बायका तिच्याकडे यायच्या त्या दुसऱ्याच कामासाठी. स्वैपाक, वाढणं, भांडी आवरून निघायच्या, निम्म्या उशिरा पोचायच्या. सिनेमात उर्दू बोलणं, त्यांना ते समजायचं नाही. मग माझी बायको त्यांना मागची गोष्ट सांगायची, हळू आवाजात, आपल्या बोलीत. ती रावेरकडची. लग्नाआधी सिनेमा कसा असतो ते तिने पाहिलंही नव्हतं. तिला तरी उर्दू कुठं कळत होतं. जे कळायचं नाही ते ती आपल्या मनाने जोडून द्यायची.

त्याचा परिणाम मी स्टँडवर बघायचो. नवरा-बायको एकाच सिनेमातून बाहेर पडून माझ्यासमोर भांडायचे.

"ती त्याची बहीण होती," नवरा म्हणायचा.

"बहीण कशाची, सावत्र आई होती. पेटीतले दागिने तिनंच लपवले होते."

"दागिने कुठं होते त्यात?"

"तुमचं लक्ष कुठं असतं."

मी बिल्ला घेऊन सायकल द्यायचो. मधे पडायचो नाही.

तर साहेबांनी तिला काढलं. पडद्याची दोरी भिंतीतून भोक पाडून जिन्यात आणली आणि गेटकीपरला सांगितलं, तूच ओढ. झाली काटकसर.

आणि तीनचा खेळ सुटला की माझ्या स्टँडवर साहेबांच्या भक्तांची सभा भरायची. सायकलीचं हँडल धरून उभे राहायचे, पण निघायचे नाहीत. त्यात तिघं पक्के. एक प्राथमिक शाळेतला मास्तर, एक इतवारा पेठेतला, मागावर कापड विणणारा लूमवाला आणि एक तापीपल्याडचा कपाशीवाला.

"साहेबांना कळतं ते," मास्तर म्हणायचा. "आधी खर्च आवरायचा, मग चांगला सिनेमा आणायचा. शिस्त म्हणतात याला."

"लूम पे दिनभर पसीना," लूमवाला म्हणायचा, "इधर आके भी पसीना. फिर टिकट किस बात का लिया, मास्टर?"

"पहिले साहेब वेगळे होते," कपाशीवाला म्हणायचा. "हे इंदूरचं पाणी पिऊन आलेत."

"माणूस तोच आहे. दिवस बदलले. राज्यं बदलली, टॉकीज नाही बदलायची?"

"राज्य बदललं म्हणून माझा पंखा बंद करायचा काय?"

रोज हेच. साहेबांनी आधी काय केलं, आता काय करतात, पुढं काय करतील. जसं काही साहेब यांना विचारून झोपतात. मी म्हणायचो, सायकल काढा आणि घरी जा. तर मास्तर म्हणायचा, "थांब रे भाऊ, विषय चालू आहे." आणि त्या सगळ्या विषयात माझ्या बायकोचं नाव एकदाही नाही. ढोलवाल्याबद्दल हळहळले, पंख्यांवरून तर हातघाईवर आले. जनान्यात कोण होतं आणि कोण गेलं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

घरी गेलो तर तिथं वेगळाच ताप. बाई चूल फुंकत म्हणते, "साहेबांचंही बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"तोटा आहे म्हटल्यावर कुठंतरी कापणारच ना."

"तुला कापलं त्यांनी."

"मग कोणाला कापायचं? मशीनवाल्याला? सिनेमा कोण दाखवणार, तुम्ही?"

"अगं, तुझी नोकरी गेली."

"कळतंय मला. ओरडून काय होईल. जनाना त्यांनीच काढला म्हणून मी तिथं होते. नाहीतर मला कोण बसवणार होतं खुर्चीवर?"

तीनचा खेळ सुरू झाल्याची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. तेवढी वाजली की तिचा हातातला जिन्नस हातात राहायचा. भाकरी करपायची. पण साहेबांबद्दल वाकडा शब्द नाही. मला तिचं रडणं चाललं असतं. हे चालत नव्हतं.

एक दिवस ते तिघं साहेबांना भेटायला निघाले, पंख्यांचं गाऱ्हाणं घेऊन. मी हातातलं पंक्चर सोडून उठलो. म्हटलं, "जाताय तर माझ्या घरचीचंही बोला. तिला परत घ्या म्हणा."

"बोलणार, बोलणार," लूमवाला म्हणाला. "भाभी का मामला है."

अर्ध्या तासाने आले ते हसतच. पंखे इंटरव्हलनंतर लावायचं कबूल झालं होतं. साहेबांनी त्यांना सोडा पाजला होता. मास्तर तर असा चालत होता जसा काही दिल्लीहून आलाय.

"आणि ते?" मी विचारलं.

"कोणतं ते?"

मास्तरच्या सायकलची हवा काढावी असं फार वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. एका दुपारी चालू सिनेमात फिल्म तुटली. मशीनवाल्याने दिवे लावले. गेटकीपर त्या वेळी खाली दारात सोडा विकत होता. पडदा उघडाच, माडीवर बायका बसलेल्या, आणि खालची सगळी मुंडकी वळली वर. कोणी पदर ओढला, कोणी खुर्चीखाली वाकली. त्यातल्या एकीचा पेढीवाला सासरा स्वतः येऊन साहेबांना बोलून गेला.

ते एक वेळ विसरलं गेलं असतं. पण खरी खोट दुसरीकडेच होती. बायकांना सिनेमाच आवडेना. आता त्या नुसतं चित्र बघत होत्या. मागची गोष्ट सांगणारं कोणी नाही, सावत्र आई नाही, पेटीतले दागिने नाहीत. घरोघरी सांगायला लागल्या, साहेब परत आल्यापासून सिनेमात राम राहिला नाही. हळूहळू जनाना रिकामा झाला. आणि बाई घरी बसली की तिचा नवराही तिकीट काढत नाही, निदान रोज तरी नाही. माझ्या स्टँडवर सायकली कमी झाल्या.

सभा मात्र वाढली.

"सिनेमा बघून घ्यायची नजर गेली साहेबांची," कपाशीवाला म्हणाला.

"अरे, परवाचा सिनेमा उत्तम होता," मास्तर म्हणाला. "मी दोनदा पाहिला."

"मग घरवाली का नाही आली तुझी?"

मास्तर हळूच म्हणाला, "तिला पहिल्यासारखी गोष्ट लागते. म्हणते, आताच्या सिनेमात सरळ सुरू होतं आणि सरळ संपतं."

मी म्हटलं, "मास्तर, गोष्ट माझी बायको सांगत होती."

"हो, ते ठीक आहे," मास्तर म्हणाला, "पण सिनेमा निवडायचा प्रश्न वेगळा आहे."

त्याच आठवड्यात साहेबांनी गेटकीपरच्या हाती निरोप धाडला. परत या, पण पगार निम्मा. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, जायचं नाही. गरज त्यांना आहे, पूर्ण पगार देतील तर बघू, दोन दिवस थांब, त्यांनाच येऊ दे. मी बोलत होतो आणि ती आरशासमोर कुंकू लावत होती. माझं वाक्य संपेपर्यंत ती ओसरीवरून खाली उतरली होती.

"निम्मा पगार," मी मागून म्हटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "भाकरी झाकून ठेवलीय."

त्यावरून आम्ही पुढं आयुष्यभर भांडलो. मी म्हणायचो, तू थांबली असतीस तर साहेब वाकले असते. ती म्हणायची, साहेब वाकले असते आणि टॉकीज बंद पडली असती, मग काय मिळालं असतं. टॉकीज कधीची गेली, तिथं आता कापडाचं गोदाम आहे, साहेबही गेले. तरी आम्ही भांडत होतो. शेवटच्या आजारातही मी एकदा विषय काढला. तिने हाताने नको म्हटलं आणि कूस बदलली. तिथं ते राहिलं.

बायका परत आल्या, हे सांगायला नको. सिनेमे भुसावळहून येत होते तेच, साहेब तेच, पंखेही इंटरव्हलनंतरच. पण माझ्या स्टँडवर ठरलं की साहेबांनी पुन्हा हात दाखवला. लूमवालाही फिरला. म्हणाला, "मानना पड़ेगा, बुड्ढे में दम है."

ती गेली तेव्हा तेराव्याला मास्तर आला. नव्वदीला टेकलाय, नातवाने हात धरून आणला. बसला, दम घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणतो, "साहेब मोठा माणूस. वहिनींना परत घेतलं."

मी म्हटलं, "त्यांनी घेतलं नाही मास्तर. ती गेली."

"तेच म्हणतोय मी. आणि परत आल्यावर सिनेमे काय एकेक आणले त्यांनी. आमची म्हातारी अजून सांगते एक. ती नावाडीण असते बघ, आंधळ्या सासूला रोज नदीपलीकडे देवळात नेते, आणि पूर येतो."

मी म्हटलं, "असा सिनेमा आला नव्हता. पोस्टर सगळे माझ्यासमोर लागायचे."

"तुला काय माहीत? तू बाहेर सायकलींपाशी."

ते खरं होतं. मी आत कधी बसलो नाही. आणि घरी आली की तिचा घसा बसलेला असायचा, मला तिने एकही गोष्ट कधी सांगितली नाही, मीही विचारली नाही. मी मास्तरच्या पुढ्यात चहा सरकवला आणि म्हटलं, "पूर येतो. मग?"

मास्तरने सांगितली. दर दोन वाक्यांनी साहेबांची तारीफ करत सांगितली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतली.