तिसऱ्या प्रयत्नाबद्दल माझं मत

आमच्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम या वर्षी का हरली, याबद्दल माझी ठाम मतं आहेत. क्वार्टरबॅकचा दोष नाही. तो पोरगा चांगला आहे, फक्त त्याला चेंडू फेकायला श्वास घेण्याइतकाही वेळ कोणी मिळू देत नाही. बचाव दुबळा आहे, पण दुबळ्या बचावाच्या टीमसुद्धा अधूनमधून जिंकतात. आमची टीम हरते ती घाबरटपणामुळे, आणि तो घाबरटपणा वरून खाली आलेला आहे. हे सगळं कोचला ईमेल करून टाका, असं माझी मुलगी एकदा थट्टेत म्हणाली होती. मी ते फार गंभीरपणे मनावर घेतलं होतं, पण पाठवलं काही नाही.

‘आमची’ टीम म्हणतो, पण त्या युनिव्हर्सिटीशी माझा संबंध एवढाच, की मुलगी तिथे शिकली. पहिल्या वर्षी तिनेच आम्हा दोघांना ओढत मॅचला नेलं. मी नागपूरचा, क्रिकेटवर वाढलेला माणूस. हा काय कुस्ती आणि कबड्डीचा गोंधळ, असं म्हणत गेलो आणि पुढच्या आठवड्यात तिच्याआधी तयार होऊन गाडीत बसलो. नंतर ती शिकून, लग्न करून पार पश्चिम किनाऱ्यावर, सरेला गेली. प्रेअरीवरच्या या थंड, सपाट शहरात मी, माझी बायको आणि टीम असे तिघे उरलो.

खेळ समजायला सोपा आहे. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातात घेऊन पळायचं असतं. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा तीन प्रयत्न मिळतात, नाही गेलात तर चेंडू जिथे असेल तिथेच समोरच्यांना मिळतो. म्हणून दोन प्रयत्न फुकट गेले की बहुतेक कोच तिसऱ्याला चेंडू लाथेने लांब उडवून देतात. याला पंट म्हणतात. चेंडू जाणारच आहे, तर निदान आपल्यापासून दूर तरी जावा, असा त्यात हिशोब. सात-आठ यार्ड उरले असतील तर मीही पंटच करीन. पण एकच यार्ड उरलं असेल, एक लांब पाऊल फक्त, तेव्हाही आमचा कोच पंट करतो. नेहमी करतो. मागून पन्नास माणसं ओरडत असली तरी करतो. त्यातला सगळ्यात मोठा आवाज माझा.

बायकोला या खेळात काडीचा रस नव्हता. ती थर्मासमधून चहा आणि झिपलॉकमध्ये चिवडा घेऊन यायची आणि खेळाडूंच्या आयांकडे बघत बसायची. कुठली आई कुठल्या नंबरची, कोणाच्या पोराचा गुडघा दुखतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. “आता का थांबले हो हे?” असं ती विचारायची आणि मी तिला पंट समजावून सांगायचो. दर सप्टेंबरला नव्याने सांगायचो. “समजलं न?” विचारलं की ती मान हलवायची आणि चहाचं झाकण माझ्या हातात द्यायची. माझी सगळी मतं खरं तर तिच्या कानासाठी होती, हे मला या वर्षी कळलं, कारण ती या वर्षी नव्हती.

मे महिन्यात मुलीचं बाळंतपण होतं. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. इथे माहेरच डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा घेऊन विमानात बसलं. मी एअरपोर्टवर सोडायला गेलो. ऑगस्टच्या शेवटी, सीझनच्या पहिल्या मॅचआधी परत, असं ठरलेलं होतं. नात झाली. व्हिडिओवर बघितली, लालबुंद आणि चिडलेली. मुलगी म्हणाली, “बाबा, शी लुक्स लाइक यू व्हेन दे पंट.”

जुलैत बायकोने विचारलं, “अहो, बाळ रात्रभर जागून राहिलं. पोरगी पार थकून जाते. अजून थोडे दिवस राहू का?”

“राहा न,” मी म्हणालो. “माझं इथे काही अडून नाही राहिलं.”

आमच्या घरात असंच बोलतात. कोणी लांब गेलं की त्याला मोकळं करायचं. आमच्या नात्यात ‘लवकर ये’ म्हणणारा नवरा आजवर झालेला नाही, सगळे ‘सावकाश ये, इकडची काळजी करू नको’ म्हणणारे. तिने आपणहून म्हणावं की नाही नाही, आता मी येतेच, आणि मग मी म्हणावं, बरं बाई, तुझी मर्जी. एवढी ती साधी रीत आहे. मी माझा भाग बोललो आणि तिच्या भागाची वाट बघत बसलो. ती म्हणाली, “बरं, मग तिकीट पुढे करून घेते.”

ऑगस्टचं तिकीट गणपतीनंतरचं झालं. गणपतीनंतरचं दिवाळीनंतरचं झालं, कारण नातीची पहिली दिवाळी. दर वेळी तिने विचारलं आणि दर वेळी मी आधीपेक्षा मोठ्या आवाजात हसून राहायला सांगितलं. “मज्जा चालू आहे माझी,” असंसुद्धा म्हणालो. मज्जा म्हणजे मुगाच्या खिचडीचं एक पातेलं, जे मी शनिवारी करायचो आणि संपेपर्यंत त्यातूनच खायचो. ऑफिसचं काम घरूनच, ग्रोसरीत पैसे घ्यायलाही मशीन. कितीतरी वेळा मॅचला जाऊन पहिली आरोळी ठोकल्यावर घशातून खरखर यायची आणि लक्षात यायचं, की कालपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मला एकटं वाटत होतं. एवढं साधं वाक्य आहे, पण ते मी आत्ता लिहिताना पहिल्यांदा वापरतो आहे.

पहिल्या मॅचला विद्यार्थी बरेच होते. पहिली हरलो, दुसरी दणकून हरलो आणि तिसऱ्या मॅचपासून बाकांवर फक्त आईबाप उरले. अंगात पोराच्या नंबरची जर्सी, मांडीवर ब्लँकेट. मी एकटाच असा, की ज्याचं मैदानात कोणी नाही. एका धिप्पाड पोराची तशीच धिप्पाड आई माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. तिने विचारलं, “विच वन इज युअर्स?”

“नन,” मी म्हणालो. “आय जस्ट वॉच.”

ती थोडी गोंधळली. जिंकणाऱ्या टीमला असे फुकटचे चाहते असतात, हरणाऱ्या टीमला कोण असतं? मग तिला आठवलं. “युअर वाइफ, विथ द टी! व्हेअर इज शी?”

मी नातीबद्दल सांगितलं, फोनवरचे फोटो दाखवले. ती म्हणाली, “ओह, यू मस्ट मिस हर.”

“नो, नो,” मी घाईघाईने म्हणालो, “शी इज व्हेरी बिझी देअर.”

तिने ब्लँकेटचं एक टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं. त्या वेळी आम्ही तिसऱ्या प्रयत्नात एक यार्ड राहिलं असताना पंट केला, त्यामुळे मला ओरडायला कारण मिळालं.

मॅच झाली की मी सरेला फोन करायचो. बायको विचारायची, “जिंकले का?” मी नाही म्हणायचो. मग मी कारणं सांगायला लागायचो, आणि मागून बाळाचं रडणं, कुकरची शिटी, जावयाचा कोणाशी तरी चाललेला ऑफिस कॉल असं सगळं ऐकू यायचं. भरलेलं घर होतं ते. ती “हो का”, “अरेरे” म्हणायची, पण मध्येच मुलीला “तो लंगोट नको, दुसरा घे” असंही म्हणायची. माझी मतं अर्ध्यावर राहायची. “विंटर टायर्स लावून घ्या,” ती म्हणायची, “आणि जेवा नीट.”

दिवाळीच्या आधी मुलीचा वेगळा फोन आला. त्यांच्या घराच्या बेसमेंटमधला भाडेकरू सोडून जाणार होता. ती म्हणाली, “बाबा, वी वोन्ट रेंट इट अगेन. आई कॅन हॅव इट. शी इज सो सेटल्ड हिअर नाऊ. सीनियर्सचा वॉकिंग ग्रुप आहे तिचा, ऑल पंजाबी आंटीज. तिचं हिंदी ऐका तुम्ही! अँड यू कॅन कम व्हेनेव्हर यू वॉन्ट. यू आर ओके देअर, राइट?”

“ऑफ कोर्स,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी घरातून उगीचच एक चक्कर मारली. तिचे बूट दारात होते. तिचा विंटर कोट कपाटात होता, कारण ती मे महिन्यात गेली होती. सरेला एवढा जाड कोट लागत नाही. तो तिने पाठवायला सांगितलेला नव्हता, आणि यावर आनंद मानावा की दुःख, हे मला ठरवता येईना.

शेवटची मॅच ऑक्टोबरच्या अखेरीस, आमच्याच मैदानावर होती. भुरभुर बर्फ आणि समोरून बोचरा वारा. समोरची टीम आमच्यासारखीच रखडलेली, म्हणून शेवटपर्यंत आम्ही चार गुणांनीच मागे होतो. शेवटची काही मिनिटं उरली. दोन प्रयत्न झाले आणि एक यार्ड राहिलं. मी उठून उभा राहिलो. धिप्पाड बाई उठली. “गो फॉर इट!” असं मी या वर्षात जितक्या वेळा ओरडलो, त्या सगळ्यांची बेरीज त्या एका आरोळीत होती. पंट करणारा पोरगा नेहमीप्रमाणे आत पळत निघाला, आणि कोचने हात वर करून त्याला परत बोलावलं.

 वाऱ्याविरुद्ध पंट गेलाच नसता, म्हणून कोचने हे केलं असेल. कारण काही का असेना. धिप्पाड पोराने खांदा लावला, त्याच्यामागे क्वार्टरबॅक घुसला आणि सगळे एकमेकांवर कोसळले. पंचांनी ढीग उपसला, दहा यार्ड मोजायची साखळी आणून मोजलं. चेंडू रेषेच्या पुढे होता. बोटभर. बाईने मला मिठी मारली. मी पण मारली. इतक्या महिन्यांत मला कोणी हात लावलेला नव्हता, हे माझ्या अंगाला माझ्याआधी कळलं आणि मला रडूच आलं. तिला वाटलं, मी टीमसाठी रडतोय.

पुढच्याच खेळीत आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, त्यांनी तो उचलला आणि मॅच संपली. सीझनभरात एकही विजय नाही. पण मी पार्किंग लॉटकडे जवळजवळ पळत गेलो. हरलो ते वेगळं, माझं मत तर बरोबर ठरलं होतं. गाडीत बसून हीटर लावला आणि सरेला फोन केला.

“जिंकले का?” बायकोने विचारलं.

“नाही. पण ऐक, कोचने तिसऱ्याला पंट नाही केला! एक यार्ड होतं आणि पोरांना सरळ घुसायला लावलं! मी म्हणत नव्हतो?”

“काय म्हणत होते तुम्ही?” ती म्हणाली.

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. मी पंट पुन्हा समजावून सांगायला तोंड उघडलं. काचेवर बर्फ साचत होता आणि लोक आपापल्या पोरांची वाट बघत उभे होते.

“तू ये आता,” मी म्हणालो. “मला करमत नाही.”

 पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. ती बाळाच्या खोलीतून बाहेर गेली असावी.

“हे तुम्ही जुलैमध्ये म्हणायचं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा मला पण करमत नव्हतं. पोरीला कळू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडायची मी. राहू का, राहू का म्हणून विचारत होती, वाटायचं आज तरी म्हणतील. गणपतीत वाटलं. मग सोडून दिलं मी. आता मला इथे करमायला लागलं हो.”

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी हळू बोलली, दवाखान्यातून आल्यावर माणूस घरच्यांना सांगतो तशी.

“बरं झालं,” मी म्हणालो. “चांगलंच आहे न मग.”

तोंडातून निघून गेल्यावर मला ते ऐकू आलं, जुलैतल्यासारखंच.