पुढचा पेशंट

आमच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात, डॉक्टरसुद्धा. एकटे शिंपीकाका तेवढे ‘पोरी’ म्हणतात. वहिनींचा स्वभाव घाईचा. घरी नवऱ्याच्या तोंडातला घास खाली उतरायच्या आत पानात पुढची पोळी पडलेली असते. त्यांच्या सासूबाई म्हणतात, “आमची सून उद्याची सकाळ आजच उरकून ठेवते.” मी इथली नर्स. या घाईमुळंच आम्हाला दुपारी वेळेवर जेवायला मिळतं, हेही खरं.

कागदी केसपेपर होते तेव्हा एक पेशंट आत असतानाच वहिनी पुढच्याचा कागद डॉक्टरांच्या कोपराशी नेऊन ठेवायच्या. कागद बिचारा आपली पाळी येईपर्यंत गप पडून राहायचा. मग काँप्युटर आला. सुरुवातीला वहिनी माउसला भीत भीत हात लावायच्या, जणू तो चावेल. हात बसला आणि जुनी सवय नव्या यंत्रात शिरली. आतला पेशंट उठायच्या आधीच त्या बाहेरून पुढच्याची नोंद डॉक्टरांच्या स्क्रीनवर पाठवू लागल्या. पण स्क्रीनवर एका वेळी एकच माणूस मावतो. पुढचा आला की आधीचा गेला.

डॉक्टर पूर्वी प्रत्येकाला विचारायचे, “कुठलं औषध सोसत नाही?” आता ते काम काँप्युटरकडे. नको ते औषध लिहिलं की लाल पट्टी येते. त्यामुळं डॉक्टरांचं तोंड बंद आणि बोटं चालू. मला याचा फार राग येतो आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितलेला आहे.

त्या सकाळी शिंपीकाका सुई घुसून सुजलेलं बोट घेऊन आले. त्यांना पेनिसिलिनच्या जातीचं काही चालत नाही, एकदा जिवावर बेतलं होतं. तशी त्यांची नोंद आहे. डॉक्टर वाकून बोट बघत होते, तेवढ्यात वहिनींनी बाहेरून पुढच्या पेशंटची, मास्तरीणबाईंची, नोंद पाठवली. डॉक्टर स्क्रीनकडे वळले आणि वरचं नाव न बघता त्यांनी नेमकी त्याच जातीची गोळी लिहिली. मास्तरीणबाईंना ती चालते, त्यामुळं लाल पट्टी आली नाही. काका चष्मा दुकानात विसरले होते. मास्तरीणबाईंच्या नावानं छापलेला कागद न वाचताच ते निघून गेले.

मास्तरीणबाई खोकत आत गेल्या. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, “तुमच्या बोटाला कधी लागलं?” आणि थबकले. मास्तरीणबाईंच्या नोंदीत काकांचं बोट आणि काकांची गोळी होती. मग त्यांनी वहिनींना अशी हाक मारली की बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

वहिनींनी स्क्रीन बघितला. “काका!” एवढंच म्हणून त्या रस्त्यावर धावल्या, मागोमाग मी. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “पहिली गोळी इथंच घेतली त्यांनी. डॉक्टरांनी लगेच घ्या म्हटलं होतं ना? मीच पाणी दिलं.” आम्ही तशाच काकांच्या दुकानाकडे धावलो.

काका दुकानात मशीनपुढं बसले होते. गळ्यात टेप, आणि त्या टेपखाली हात घालून मान खाजवत होते.

“काय गं पोरी, ब्लाऊज उसवला की काय? अशी धावत आलीस ती?”

“काका, चला. आधी चला.”

वाटेत त्यांच्या ओठांवर सूज चढली. आवाज जड झाला, मग श्वासाला शिट्टी लागली. वहिनी त्यांचा हात धरून नुसतं “चला, चला” करत होत्या आणि मला वाटत होतं, हा रस्ता कुणी लांबवलाय की काय. डॉक्टर इंजेक्शन भरून दारातच उभे होते.

इंजेक्शन दिलं. मग वाट बघणं. त्याच्यासारखी वाईट गोष्ट नाही. डॉक्टरांनी मनगट सोडलं नाही. वहिनी भिंतीला टेकून काकांच्या छातीकडे बघत राहिल्या. हळूहळू शिट्टी कमी झाली, ओठ उतरले.

“चूक माझी,” डॉक्टर म्हणाले. “मी विचारायला हवं होतं.”

“पाठवलं मी,” वहिनी म्हणाल्या, आणि इतका वेळ थोपवलेलं रडू फुटलं.

झालेलं सगळं नोंदवणं भाग होतं. वहिनी काँप्युटरपुढं बसल्या, पण बोट खाली जाईना. त्या उठल्या, काकांच्या खाटेशी गेल्या.

“काका, तुमचं नाव सांगा.”

वहिनींच्या लग्नातला ब्लाऊज ज्यांनी शिवला, त्यांना त्या नाव विचारत होत्या. काकांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. वहिनींनी जाऊन स्क्रीनवर वाचलं आणि पुन्हा माघारी आल्या.

“काका, परत एकदा सांगा.”

काकांनी सुजलेलं बोट वर केलं.

“अगं पोरी, मीच आहे तो. अजून आहे.”