साबणात चरबी होती, हे मला ठाऊक होतं

वडसा स्टेशनावर छोट्या लायनीची गाडी उभी होती आणि माझा थोरला भाऊ, सुखदेवभाऊ, खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून बोटांची उलटी बाजू फिरवत होता. सकाळी त्यानंच माझी दाढी केली होती. एखादा खुंट राहिला का, ते तो चाचपत होता. निरोपाचं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "तिकडं साबण कसा असते, ते लिवजो," एवढंच तो म्हणाला. गाडी हलली. मी हात केला, पण मन केव्हाच विलायतेत पोचलं होतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आज मी सत्तरीच्या पुढे आहे आणि इंग्लंडच्या एका लहान शहरात एकटा राहतो. वडशात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यातल्या वयस्क माणसांना सुखदेव न्हाव्याची एक गोष्ट ठाऊक आहे. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे.

आमचं घर न्हाव्याचं. स्टेशनाजवळ बाबांचं दुकान होतं, त्यांच्यामागे ते भाऊनं चालवलं. मला मात्र त्यानं वस्तरा धरू दिला नाही, नागपूरला शिकायला पाठवलं. मी तेल आणि साबणाचं रसायनशास्त्र शिकलो आणि इंग्लंडमधल्या एका साबण कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. बाबा म्हणायचे, "गिऱ्हाईक डोळे मिटून गळा आपल्या हाती देते. त्याच्यासंग खोटं बोलाचं नाई." मी ते ऐकतच मोठा झालो. ते फक्त वस्तरा धरणाऱ्यासाठी आहे, असं मी सोयीनं मानलं.

कारखान्यात माझं काम दाढीच्या साबणांची तुलना करण्याचं. देशोदेशीचे साबण टेबलावर यायचे. इंग्रजी साबण लाकडी वाटीत बसवलेला, दगडासारखा टणक, लव्हेंडरच्या वासाचा. जर्मन साबण बोटाएवढ्या कांडीचा, चंदेरी कागदात गुंडाळलेला. तो ओल्या गालावर घासायचा आणि मग ब्रश फिरवायचा. इटालियन मऊ, कणकेसारखा, कडू बदामाच्या वासाचा. फ्रेंच साबण नुसत्या तेलाचा. मी फेसाची उंची मोजायचो, तो किती मिनिटांत बसतो ते घड्याळावर पाहायचो. पण त्या आकड्यांवरून गालाला काय वाटतं ते कळत नसे. मग उरलेले नमुने मी वडशाला पाठवू लागलो.

भाऊची उत्तरं निळ्या अंतर्देशीय पत्रावर नव्हे, परदेशी जाणाऱ्या हवाई पत्रावर यायची, शाईचे डाग पडलेली. विहिरीच्या जड पाण्यानं फेस फाटतो, म्हणून तो वैनगंगेचं पाणी डब्यात भरून आणायचा. इटालियनबद्दल त्यानं लिहिलं होतं, "लवकर फुलते, लवकर मरते. दुसरा हात माराच्या आधीच गाल उघडा." जर्मन कांडी थंडीत चांगली, पण उन्हाळ्यात गालावरच वाळून पापड होते. फ्रेंच साबण दाढी झाल्यावर चुरचुरतो. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीची रात्रभराची नाटकं सुरू झाली की मंडळीतले नट त्याच्याकडे यायचे. बाईचं काम करणारा एक जण होता, त्याची दाढी फार राठ. त्याच्यावर भाऊनं इंग्रजी साबण लावला आणि मला लिहिलं, "एका हातात साफ. रंग असा बसला का त्याची बायको म्हणे, माह्यापेक्षा तूच बरी दिसतं. हाच साबण पाठवत जाय."

ही निरीक्षणं मी इंग्रजीत उतरवून माझ्या अहवालांत घालायचो. खाली सही माझी. वरिष्ठ म्हणाले, तुझ्या हाताला साबण कळतो. मला बढती मिळाली. साबण ज्या हाताला कळत होता, तो वडशात होता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

इंग्रजी साबणाचा फेस दाट आणि टिकाऊ का होतो, ते मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. त्यात गाईबैलांची चरबी होती. जर्मन कांडीतही होती. डबे पाठवताना मी आतला माहितीचा कागद काढून घ्यायचो.

मग वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या बातम्या देशभर गाजल्या आणि भाऊचं पत्र आलं. "लोक विचारून राह्यले, विलायती साबणात चरबी असते का म्हणून. तू तिथीच आहेस. तू लिहिशीन तेच मी सांगीन."

मी दोन ओळींत उत्तर दिलं. शुद्ध वनस्पती तेल आहे, निर्धास्त वापर. खरं लिहिलं असतं तर भाऊनं त्याच दिवशी तो साबण वैनगंगेत टाकला असता. मग त्याची पत्रं थांबली असती आणि माझे अहवालही. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा इतक्या स्पष्टपणे बोललो नव्हतो. आता बोलतो आहे.

पुढच्या नाताळात मी मोठेपणा दाखवायला भेटीचा अख्खा डबा पाठवला, सोनेरी फीत बांधलेला. फीत सुटू नये म्हणून तो उघडलाच नाही. आतल्या कागदावर कारखान्यानं अभिमानानं छापलं होतं, की आमचा साबण उत्तम गोचरबीचा असतो.

पुढचं मला गजभिये गुरुजींच्या पत्रातून कळलं. गुरुजी बौद्ध. त्यांच्या वस्तीतल्या माणसांची दाढी आमचे बाबा करत नसत. भाऊनं ते बंद केलं आणि पहिल्यांदा गुरुजींनाच खुर्चीत बसवलं. डबा उघडला त्या दिवशी ते खुर्चीतच होते, अर्ध्या गालाला फेस. वाट पाहत बसलेल्या कॉलेजच्या एका मास्तरांनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं मराठीत सांगितला. दुकानात पंधरावीस माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "काऊन रे सुखदेव, तुहा भाऊ तं तिथीच काम करते नं? त्याले मालूम नसन?"

गल्ल्याच्या खणात माझं पत्र होतं. ते काढून दाखवलं असतं तर भाऊ सुटला असता. त्यानं खणाला हात लावला नाही. "त्यानं मले कवाचंच सांगतलं होतं," तो म्हणाला. "मीच लपवलं. साबण चांगला होता."

त्या वेळी नागपूरच्या एका घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. आणि लहान भावानं आपल्याला फसवलं, हे चारचौघांत कबूल करणं त्याला स्वतः लबाड ठरण्यापेक्षा जड गेलं असावं. गुरुजींनी लिहिलं होतं, "ते पत्र मी पाहिलं आहे. तू गावाला एक ओळ लिही. मी वाचून दाखवतो." मी लिहिली नाही. माझं लग्न झालं.

लोकांनी दुकानाची पायरी सोडली. घरोघरी माणसांनी गाल घासघासून धुतले, कोणी अंगावरून गोमूत्र घेतलं. गुरुजी मात्र येत राहिले. "साबण कशाचाबी असो, तोंड माहं आहे," असं ते म्हणायचे. एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. भाऊनं ते बंद केलं आणि कुरखेड्याच्या आठवडी बाजारात पोत्यावर बसून दाढ्या करू लागला. तिथंही कोणी ओळखीचा निघालाच तर हसत विचारायचा, "आज गाय का बैल?"

तीन वर्षांनी मी गेलो. बाजारातच त्याच्यासमोर पोत्यावर बसलो. त्यानं गालाला साधा देशी साबण लावला. केस अर्धे पांढरे झाले होते, हात मात्र तोच, हलका. मी म्हणालो, "भाऊ, ते पत्र..."

त्यानं माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. "बोलू नोको. वस्तरा लागन."

दाढी झाली, त्यानं तुरटी फिरवली, टॉवेल झटकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. फेस पुसल्यावर मला बोलता आलं असतं. मी उठून उभा राहिलो आणि बाजार पाहू लागलो.

आता भाऊ नाही, वहिनी नाही, गुरुजीही नाहीत. भाऊच्या मुलानं हा धंदा घेतला नाही. तो गडचिरोलीला नोकरी करतो. मागं फोनवर म्हणाला, "काका, अजूनबी कोनी विचारते, तू त्या चरबीवाल्याचा का? मी हो म्हणतो अन् निघून जातो." त्यालाही मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. आज हे लिखाण पहिल्यांदा त्यालाच पाठवतो आहे.

तर गावकऱ्यांनो, सुखदेवला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं होतं आणि मी त्याला खोटं लिहिलं होतं.

इथल्या चाळीस वर्षांत मला कोणी वाईट वागवलं नाही. शेजारी हसून विचारपूस करतात, मी बरा आहे म्हणतो. मी काय केलं ते इथं कोणाला ठाऊक नाही, आणि कळलं तरी कोणाचं काही बिघडणार नाही. माझ्यावर रागावण्याचा हक्क असलेली माणसं फक्त वडशात आहेत, कुरखेड्याच्या बाजारात आहेत, गडचिरोलीला एका घरात आहेत. माझ्यासाठी घर आता तेवढंच. हे वाचून पुतण्या जर म्हणाला, की काका, आता इकडं येऊ नोका, तर मी जाणार नाही. पण ते त्यानं मला म्हणावं.