सासऱ्यांच्या एकशेसाठ साखळ्या

आभाळावर संशय घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. भोर संस्थानात ते मोजणीदार होते. वेल्ह्याच्या डोंगरापासून नसरापूरच्या सडकेपर्यंत कुणाचा बांध कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण माझी सोयरीक जुळली तेव्हा ते नुसते घरी बसून नकाशे काढत, आणि भोरातल्या आपल्या घराचा ओटा सोडून पन्नास पावलं जायचं तरी त्यांना संकट वाटे. गेलेच तर छत्री उघडून, कोरड्या दिवसातसुद्धा, आणि डावा हात भिंतीला लावून. भिंत संपली की सासरे माघारी. "मामा, छत्री कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर दबक्या आवाजात म्हणाले, "वर बघू नका पाव्हणं. लई मोकळं हाय."

त्यांच्या खिशात कायम एक कांदा असे, चक्कर आलीच तर हुंगायला. दुसऱ्या खिशात घड्याळ, नाडी मोजायला. शेजारच्या देवळात ते दाराजवळचा खांब धरून बसत, कारण गर्दीत अडकलो तर बाहेर पडता यायचं नाही अशी त्यांना धास्ती. बाजाराच्या दिवशी तर घराची कडीच लावून घेत. ताकावर संशय, वाऱ्यावर संशय, समोरून हसत येणाऱ्या माणसावर तर दुप्पट संशय.

आता असा माणूस असला की लोक त्याच्यावर संशय घेणारच. आमची वाडी त्यांच्या घरापासून जेमतेम एक मैल, मध्ये एक ओढा आणि उघडा माळ. आमचं लग्न त्यांच्या दारातल्या मांडवात झालं. पण वरात निघाली तेव्हा हा गृहस्थ लेकीला कोपऱ्यापर्यंतही पोचवायला आला नाही, सरळ माजघरात गेला. माझ्या आईनं ते बरोबर टिपलं. "पोरगी दिली, पर मनापासनं न्हाई दिली," ती म्हणाली. वाडीचं म्हणणं वेगळं होतं. यांनी कुणाचा तरी बांध सरकवला असणार, आणि तो माणूस कोयता घेऊन वाट बघत असणार. मी सोमवारी आईचं खरं मानी आणि मंगळवारी वाडीचं. बायको तेवढी म्हणे, "आबांनी एकदा माझ्या उंबऱ्याच्या आत यावं, बाकी मला काय नको." दोन वर्षं झाली, आबा काही आले नाहीत.

खरी गोष्ट तिनंच सांगितली. फार वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या एका माळावर मोजणी चालली होती. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरणारा गडी लांब, यांच्या आसपास झाड नाही की झुडूप नाही. एकाएकी यांची छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण मेलोच अशी त्यांची खात्री झाली. तोंडावर उपरणं टाकून बैलगाडीतून घरी आणलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मग जिथं ते येईल तिथं जायचंच नाही असं त्यांनी ठरवलं, आणि अशी ठिकाणं वाढत वाढत ओट्यापर्यंत आली. वैद्य म्हणाला उष्णता, देवऋषी म्हणाला माळावरचं वारं. लिंबं उतरून झाली.

मग गावात एक तरुण डॉक्टर आला. त्यानं छातीला नळी लावून पाहिली आणि काळीज ठणठणीत असल्याचं सांगितलं. सासऱ्यांनी लगेच नळीवर संशय घेतला. "आदी ती पाव्हण्यांना लावून बघा," म्हणाले. माझं काळीज तपासून नळी निर्दोष ठरली, तेव्हा कुठं ते ऐकायला तयार झाले. डॉक्टर म्हणाला, "भीती आली की तुम्ही पळता, म्हणून ती सोकावली आहे. रोज थोडं पुढं जा. ती आली की तिथंच उभे राहा. चढते तशी ती उतरते." तो गेल्यावर सासरे मला म्हणाले, "ह्याला कुनीतरी पढवून पाठवलाय." विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या वाडीच्या माळावर खुंट्या उगवल्या. डोक्याला चुना फासलेल्या, एका ओळीत, रोज एकेक करून वाडीकडे सरकणाऱ्या. वाडीची झोप उडाली. वरच्या अंगाच्या आमच्या भावकीच्या जमिनी धरणात गेल्या होत्या, आणि तिथंही आधी अशाच खुंट्या आल्या होत्या. "आता पानी हितवर येनार," म्हातारे म्हणाले. वाडीत सातवी शिकलेला मी एकटाच, म्हणून मला पाहायला पाठवलं. मी अंतर मोजलं. बरोबर तेहतीस फूट, म्हणजे मोजणीची एक साखळी. इतकी सरळ रेघ भोरात एकच माणूस मारू शकत होता. माझं डोकं सणकलं. म्हणजे सासरा आजाराचं सोंग करून आमच्याच जमिनीवर उठला होता तर! पहिली खुंटी मी उपटली. भर दुपारी आम्ही अशा एकोणीस खुंट्या उपटल्या आणि चुलीत घातल्या.

चार दिवसांनी बायको माहेराहून आली ती रडतच. "आबा आपल्याकडं यायला निघाले होते," ती म्हणाली. "त्यांच्या ओट्यापासनं आपल्या दारापर्यंत एकशेसाठ साखळ्या. रोज उजाडायच्या आत एक खुंटी पुढं, आणि छाती शांत होईस्तवर तिथंच उभं राहायचं. कुणाला सांगितलं न्हाई, जमलं न्हाई तर लाज नको म्हणून. एकशेएकोणचाळीसपर्यंत आले होते. कुणा मेल्यानं खुंट्या उपटल्या. माळावर आले तर पुढं कायच न्हाई. तसेच पळत घरी गेले, ते आता ओट्यावरबी येईनात."

मी जेवलो नाही. वाडीतल्यांना मात्र बायकोपाशी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. सकाळी भोरात जाऊन सासऱ्यांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. 

"मला वाटलंच हुतं," म्हणाले. मग लगेच, "रेघ सरळ हुती का?"

"एकदम सरळ, मामा."

"साखळीला दोन मानसं लागत्यात. म्या एकट्यानंच मोजत सुटलो."

दुसऱ्या दिवसापासून साखळीचं पुढचं टोक माझ्या हातात आलं. मी पुढं जाऊन उभा राहायचो, ते छत्री धरून माझ्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. माळ लागला तशी त्यांच्या कपाळावर घामाची धार, ओठ पांढरे. एकदा ते मध्येच खाली बसले. मी धावत निघालो तर तिथूनच ओरडले, "जागा सोडू नका! माप चुकंल!" मी उभा राहिलो. त्यांना असं एकटं बघणं मला जड जात होतं. पण घटकाभरानं ते उठले, आणि चालत माझ्यापर्यंत आले.

एकशेसाठावी साखळी आमच्या अंगणात पडली. बायको पाय धुवायला तांब्या घेऊन दारात उभी होती. निम्मं पाणी तिनं स्वतःच्याच पायांवर ओतलं. सासरे उंबरा ओलांडून भिंतीला टेकून बसले, दार उघडंच ठेवायला सांगितलं आणि बशीत चहा ओतला.  बायकोनं विचारलं, "आबा, खुंट्या कुणी उपटल्या, कळलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहावर फुंकर मारली आणि म्हणाले, "गुरांनी."

त्यानंतर ते पुष्कळदा आले. भीती पुरती गेली नाही, छत्रीही सुटली नाही. आता त्यांना जाऊन फार वर्षं झाली. बायको अजून कधीतरी त्या गुरांच्या नावानं बोटं मोडते, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतो.