नेमानीला द्यायचा निरोप

नेमानी माझा नवरा आणि तितिलिया त्याची थोरली बहीण. दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची कुणी? आमच्या बेटावर मुलगी वयात आली की सख्ख्या भावाशी बोलत नाही, तो बसलाय त्या चटईवर बसत नाही, तो पुढच्या दारानं आत आला की ती मागच्या दारानं बाहेर. हा मान आहे, भांडण नव्हे. राजधानीला, सुव्याला राहायला गेलेले लोक आता हसतात याला. हसू देत. आमच्या घरात ते शेवटपर्यंत पाळलं गेलं आणि त्याचा भार पडला माझ्यावर. लग्न होऊन आले त्या दिवसापासून सव्वीस वर्षं त्या दोघांमधला एकूण एक शब्द माझ्या तोंडून गेला.

बरं, दोघंही एकापेक्षा एक फटकळ. तितिलिया बेटावरच्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे सगळं गाव तिच्या धाकात. ती म्हणायची, "त्या गाढवाला सांग, आईच्या घराचं छप्पर गळतंय. म्हातारी भिजून मेल्यावर शाकारणार आहे का?" मी घरी येऊन सांगायची, तुझी बहीण विचारत होती, सवड झाली की छप्पर बघशील का. तो म्हणायचा, नर्स झाली म्हणून सगळ्या जगाची आई झाली का ती? मी जाऊन सांगायची, बघतो म्हणाला हो. आणि तो खरंच बघायचा. दोन दिवसांत माडाची झापं घेऊन छपरावर चढायचा. दोघांनाही वाटायचं, समोरचं माणूस किती गोड बोलतं आपल्याशी. मला मनातून फार हसू यायचं. खोटं कशाला बोलू, गर्वही वाटायचा. मी नसते तर ही दोघं कधीच एकमेकांच्या उरावर बसली असती, असं मी विहिरीवर बायकांना सांगायची.

नेमानी लंगडत चालायचा. लग्नाआधी दोन वर्षं तो एका व्यापाऱ्याच्या बोटीवर समुद्रकाकड्या, ते तळाशी पडून असणारे मऊ जीव, काढायला जायचा. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि पोरांना खोल पाण्यात सोडायचं. खाली कसं जायचं ते पोरांना जन्मतःच येत होतं, वर कसं यायचं, थांबत थांबत, ते कुणी शिकवलं नाही. त्याच्याबरोबरचे दोघं गेले. हा वाचला, पण डावा पाय कायमचा ओढत राहिला. तरी पाणी सुटलं नाही. पलीकडच्या खाडीत पाहुण्यांसाठी घरं बांधली गेली, तिथे तो रीतसर डायव्हिंग शिकला आणि पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला नेऊ लागला. पाण्याखाली तो लंगडा नव्हता. मी एकदाच गेले होते त्याच्याबरोबर, तेही नाक दाबून, वरच्या वर. खाली बघितलं तर हा माणूस इतका अलगद चालला होता की मला वाटलं, याच्याशी लग्न झालंय का माझं? आमच्या अंगणात तर भांडी पाडत फिरतो.

पाहुण्यांना तो आधी पाण्यात उतरूच द्यायचा नाही. टोपी काढा, कमरेला सुलू गुंडाळा, सरदाराच्या घरी चला, यांगोनाच्या मुळांची जुडी नजराणा म्हणून पुढे ठेवा, मांडी घालून बसा. ती गोरी माणसं मांडी घालताना कण्हायची, कुणाचा गुडघा वर तर कुणाचा पाय सरदाराकडे. हा एकेकाचा पाय हातानं वळवून नीट बसवायचा. मी म्हणायची, कशाला छळतोस, भाडं देऊन आलीत ती. तर म्हणायचा, मालकाला न विचारता तू कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतेस का?

मागच्या वर्षी एक दिवस तो पाण्यातून आला आणि त्याच्या पोटावर निळसर चट्टे दिसले. हाताची बोटं बधिर झाली होती, कप धरता येईना. तो म्हणाला, थंडीनं असेल. मी ऐकलं नाही, ओढत दवाखान्यात नेलं. तपासणी आमच्या पद्धतीनं झाली. तो बाहेर पायरीवर पाठमोरा, ती आत टेबलाशी आणि मी उंबऱ्यात. विचार त्याला, किती दिवस झाले. सांग तिला, चार. विचार, छातीत दुखतं का, चक्कर येते का. सांग, येते कधी कधी. भिंत नव्हती मधे, दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत होतं, तरी मी पोपटासारखी सगळं परत म्हणत होते.

मग तो उठून बोटीकडे गेला, कारण त्या दिवशी नवे पाहुणे उतरायचे होते. तितिलियानं माझं मनगट धरलं. ती माझी थट्टा करायची, मी तिची करायची, आमच्या नात्यात तशी मुभाच आहे. त्या दिवशी तिनं थट्टा केली नाही.

"त्याला सांग, आता पाण्यात उतरलास तर मरशील. सुव्याचा डॉक्टर बघेपर्यंत एकदाही नाही," ती म्हणाली. "असंच सांग, उनाइसी. अगदी असंच."

सांगते म्हटलं. वाटेत ते वाक्य मी मनात घोळवत होते. घरी आले तर हा खुशीत. पाहुण्यांमध्ये एक शाळामास्तर होता, दाढीवाला, उंच, पहिल्याच दिवशी त्यानं मांडी सुरेख घातली म्हणून नेमानीला कोण कौतुक! नवऱ्यापुढे मी मासा आणि अळूचा कंद ठेवला. त्याच्या तोंडाकडे बघून, तू मरशील, हे माझ्या जिभेवर येईना. कुठल्या बायकोच्या येईल? आणि माझी सवय तर तुम्हाला सांगितलीच. मी म्हटलं, "तुझी बहीण म्हणते, जरा दमानं घे. सवड झाली की सुव्याला दाखवून ये."

"हे पाहुणे गेले की जातो," तो म्हणाला आणि अजून एक कंद मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोनदा बुडी मारली. दुसऱ्या खेपेला तो मास्तर एका कासवामागे प्रवाळाच्या भिंतीवरून खाली खाली जात राहिला, नेमानीच्या खुणा त्याला दिसल्याच नाहीत. नेमानी त्याच्यामागे गेला, पायाला धरून त्याला थांबवलं आणि हळूहळू वर आणलं. मास्तरला काही झालं नाही. नेमानीही हसत बाहेर आला, टाक्या उतरवल्या, मास्तरला चार शब्द सुनावले. अर्ध्या तासानं वाळूतून उठायला गेला तर पाय उठेनात. मग श्वास लागला.

बोटीत आम्ही चौघं होतो. तो, मी, बोट चालवणारा आणि प्राणवायूची टाकी घेऊन तितिलिया. इस्पितळ मोठ्या बेटावर, पोचायला तीन तास. तिनं बोटीत पाऊल टाकलं ते सरळ त्याच्या उशाशी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी ही दोघं मिळून शिंपले काढायची म्हणे, त्यानंतर तिचा हात त्याला लागला तो आता. तितिलिया हे उगाच करणारी नव्हती. मी त्याचे पाय चोळत बसले. ते पाय थंड होते.

अर्धी वाट झाल्यावर ती बोलली. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"नेमानी, मी तुला निरोप पाठवला होता. पाण्यात उतरलास तर मरशील म्हणून. मिळाला नाही का तुला?"

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घालायला हवी होती, पण तेवढंही सुचलं नाही. किती वेळ बघत होता कोण जाणे. मग त्यानं तोंडावरची नळी बाजूला केली.

"मिळाला," तो तिला म्हणाला. "उनाइसीनं सांगितलं. मीच ऐकलं नाही."

मोठ्या बेटाचे डोंगर दिसायच्या आत तो गेला.

आमच्या कुळानं गावापुढचा समुद्र त्याच्या नावानं शंभर रात्री बंद केला. जाळं नाही, गळ नाही, कुणी पाय बुडवायचा नाही. तो मास्तर यांगोनाची जुडी घेऊन आला, मांडी घालून बसला आणि ढसाढसा रडला. बायकांनी त्याला जवळ घेतलं. मलाही सगळ्यांनी जवळ घेतलं. तितिलिया तर येईल त्याला सांगायची, हिनं सांगितलं होतं हो, बजावलं होतं, तोच हट्टी. आणि पुढे म्हणायची, अडतीस वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला, तेवढे चार शब्द मला पुरतील. खरं सांगावं तर तिच्या भावाचे तेवढे शब्दही खोटे ठरणार. न सांगावं तर तो माझ्यापायी मेलेला आणि वर हट्टी म्हणून बदनाम. शंभर दिवस माझे ह्यातच गेले. रोज ठरवायची, रोज गिळायची.

समुद्र उघडला त्या दिवशी सगळं गाव जाळी घेऊन पाण्यात होतं. आम्ही दोघी मागे अंगणात जेवणासाठी कंद सोलत होतो. तितिलिया पुन्हा तेच म्हणाली, तेवढे चार शब्द. मी सुरी खाली ठेवली.

"मी सांगितलंच नव्हतं," मी म्हटलं. "तू मरशील म्हणालीस. मी म्हटलं, जरा दमानं घे. तो मला वाचवायला खोटं बोलला."

ती सोलतच राहिली. हातातला कंद संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला. मला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही कंद पाण्यात टाकून तिनं हात पुसले.

"मी काय म्हणाले होते ते आठवतं?"

"शब्दन् शब्द."

"मग जा आणि त्याला सांग," ती म्हणाली. "मी म्हणाले होते तसंच."

त्याची कबर आमच्या घराच्या मागेच आहे. मी गेले. ती अंगणातून उठली नाही, पण तिथून तिला ऐकू जात होतं. मी कबरीवरच्या चटईपाशी खाली बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "नेमानी, तितिलियाचा निरोप आहे. आता पाण्यात उतरलास तर मरशील. सुव्याचा डॉक्टर बघेपर्यंत एकदाही नाही."